तुझी आई तेच पाणी पिते

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. शेवटी हिनं सगळ्यांना माफ केलं असेल, अशा आशेवर कोणी वाचत बसू नये. मी कोणाला माफ केलेलं नाही. इतकी वर्षं झाली, आता सोडून दे, असं नात्यातले, शेजारपाजारचे, अगदी माझ्या सासरचेसुद्धा सांगून थकले. त्यांचं काय जातंय सांगायला.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठाचं. इनामगावच्या बाजूला कुठंतरी आहे असं धरून चाला. नाव लिहीत नाही, कारण अब्बा आणि अम्मी अजून तिथंच राहतात आणि रोज सकाळी त्यांना त्याच गल्लीतून दूध आणायला जायचं असतं. बाजाराला आम्ही शिरूरला जायचो, रेल्वे पकडायची किंवा मोठा दवाखाना गाठायचा असला तर दौंडला. मशिदीच्या मागं आमची मुसलमानांची थोडी घरं होती. चार पिढ्या आम्ही तिथले. अब्बा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचे, म्हणून लहानथोर सगळे त्यांना मिस्तरी म्हणत.

बहीण माझ्याहून लहान, पण तिचं लग्न आधी झालं. केडगावला दिली होती. नवरा रोज रेल्वेनं पुण्याला कामाला जायचा. तिला दिवस गेले तशी तिची सासू म्हणाली, पहिलं बाळंतपण माहेरी असतं, घेऊन जा. तुमच्यात असतं तसं ते आमच्यातही असतं. सातव्या महिन्यात अब्बा जीप करून तिला घेऊन आले. केडगावला तिच्या घरात बोअरचं स्वच्छ पाणी होतं. ते सोडून ती आमचं पाणी प्यायला आली. माहेर म्हणून आली.

गावाला नळाचं पाणी एक दिवसाआड यायचं. टाकीपासून निघालेली जुनी लोखंडी लाइन गावात शिरताना सरपंचांच्या गोठ्यामागच्या गटारातून आली होती. गटाराच्या कडेनं म्हणत नाही मी, चक्क गटारातून. जागोजागी ती सडली होती. पाणी बंद झालं की तिच्यात गटार शिरायचं आणि पुढच्या वेळी नळ सुटला की आधी तेच बाहेर पडायचं. मग आमच्या गावच्या बायकांनी त्यावर इलाज काढला होता. पहिल्या दोन बादल्या ओतून द्यायच्या आणि तिसरी भरायची. तिसरीला वास कमी यायचा. वास गेला म्हणजे घाण गेली, असं आख्ख्या गावानं ठरवून टाकलं होतं आणि पोरी हाताशी आल्या की त्यांनाही तेच शिकवायचं. आमच्या घरातही तसंच. बहीण आली त्या दिवशी तिच्यासाठी म्हणून अम्मीनं मुद्दाम चौथी बादली भरली होती.

गाव हे सहन करत होतं, कारण सरपंच. त्यांना सगळे आप्पा म्हणत, मीही म्हणायची. माणूस बोलायला गोड. ईदला आमच्याकडं शीरखुर्मा प्यायला यायचे, आमच्या लग्नाकार्यात पुढं उभे राहायचे. लाइन गटारातून काढायची तर ती त्यांच्या खळ्याच्या कडेनं न्यावी लागली असती. आपल्या जागेत कुदळ पडू द्यायची नाही, एवढंच काय ते कारण. गावानं कुरकुर केली की ते पाण्याची तपासणी करून आणायचे. तपासणीची बाटली त्यांच्या स्वतःच्या बोअरवर भरली जायची. हे भरणाऱ्याला माहीत, बघणाऱ्याला माहीत, गावाला माहीत. रिपोर्ट यायचा, पाणी पिण्यास योग्य. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायचा आणि सगळे मूग गिळून बसायचे.

त्या पावसाळ्यात गावात कावीळ आली. घराआड एक माणूस पिवळा पडला. आमच्याकडं काविळीची माळ घालणारी एक बाई होती. डोक्यावरची माळ हळूहळू लांबून गळ्यात उतरली की कावीळ उतरली, असा हिशोब. लोकांची उतरत होती, आपोआप उतरायची तशी. बहिणीचे डोळे पिवळे दिसले तेव्हा अम्मीनं तिलाही माळ घातली. बहिणीची माळ उतरली, पण ती बरळायला लागली. शिरूरचे डॉक्टर तिच्याकडं बघून म्हणाले, ही पाण्यातली कावीळ आहे, इतरांना सोसते, पोटुशी बाईला सोसत नाही, आत्ताच्या आत्ता दौंडला न्या. दौंडला म्हणाले पुण्याला न्या. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. केडगावचा फाटा आला तेव्हा ती गेलेली होती. अब्बांनी ड्रायव्हरला नुसता हात केला आणि जीप तिच्या सासरी वळवली. पोटातलं मूल पोटातच राहिलं. तिला केडगावलाच मातीआड केलं.

आम्ही परत आलो तसे आप्पा आमच्या अंगणात आले. सोबत चार माणसं. अब्बांच्या खांद्यावर हात ठेवून डोळ्यांत पाणी आणून ते म्हणाले, "मिस्तरी, अल्लाची मर्जी. पाण्यात काय न्हाई, रिपोर्ट हाय माझ्याकडं."

तेही आमच्याच अंगणात. माझ्या बहिणीचे कपडे अजून दोरीवर होते. अब्बांनी मान खाली घातली आणि आत चहा सांगितला. मी चहा आणून दिला. कपबशी त्यांच्या हातात देताना मी मनाशी ठरवलं, याच तोंडानं हा माणूस एक दिवस सगळ्या गावापुढं म्हणेल की पाणी वाईट आहे. बाकी मला काही नको होतं. लाइन बदलायला हवी होती, ती मी बदलणारच होते. पण आधी त्या तोंडातून ते वाक्य काढायचं होतं.

तेव्हा मी शिरूरला एसटी स्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत कामाला होते. पोरांचे निकाल बघून द्यायचे, नोकरीचे अर्ज भरायचे, प्रिंट काढायच्या. दुपारचं लोडशेडिंग संपून मशीन सुरू झाली आणि गिऱ्हाईक नसलं की कॅफे माझाच. त्या दिवसांत सगळ्या तरुण पोरापोरींना एका साइटचं वेड लागलं होतं. आता ती केव्हाच बंद पडली. प्रत्येकाचं तिच्यावर एक पान असायचं, त्या पानावर कोणीही येऊन काहीही लिहावं, आणि लिहिलेलं सगळ्या जगाला दिसायचं. आमच्या गावची शिकलेली पोरं, पुण्यात कंपनीत लागलेली, दुबईला, मस्कतला गेलेली, सगळी तिथं गॉगल लावून उभी. गावाच्या नावानं कोणीतरी ग्रुपही काढला होता. त्यात जत्रेचे फोटो आणि खाली मिस यू गाव, मिस यू गाव. गावाला मिस करणाऱ्या या मंडळींना गावचं पाणी दाखवायचं मी ठरवलं.

ग्रुपमध्ये मी सगळं लिहिलं, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत, तेव्हा तसंच लिहायचे. बहीण कशी गेली, लाइन कुठून येते, नवी प्लॅस्टिकची लाइन खळ्याच्या कडेनं टाकायला आणि टाकीवर क्लोरीन सोडायचं यंत्र बसवायला पैसे लागतील, ते आपणच जमवू. पुन्हा कोणाच्या घरी हे होऊ नये एवढ्यासाठी. हायस्कूलमध्ये मला मराठी शिकवणाऱ्या बाई तयार झाल्या, त्यांच्या आणि माझ्या नावानं शिरूरला बँकेत खातं उघडलं. मग वाट बघत बसले. उत्तरं भराभर आली. सो सॅड. सो सॅड ताई. रडके चेहरे. एकानं आईवर कविता पाठवली. खात्यात मात्र जास्वंदीच्या फुलाचा फोटो लावलेल्या कोणा एकीचे तेवढे पैसे आले. तिनं स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. बाकी सगळे सो सॅड. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग मी ग्रुप सोडला आणि एकेकाच्या पानावर गेले. जिथं त्याचे कंपनीतले मित्र, त्याच्या साहेबाची पोरगी, ठरलेली नवरी सगळे येऊन बघतात, तिथं मी एकच ओळ लिहायला लागले. तुझी आई तेच पाणी पिते. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. काहींनी ती पुसली. मी परत लिहिली. एकाचा साखरपुडा ठरला होता, त्यानं कॅफेवर फोन करून हातापाया पडत सांगितलं, पुसून टाक, तिकडची माणसं विचारायला लागली. मी म्हटलं, पैसे भर, पुसते. दुबईवाल्यानं लिहिलं, तू बाई आहेस का वसुलीवाली. मी लिहिलं, जे असेन ते असेन, तुझी आई तेच पाणी पिते. खंडणी म्हणायची तर म्हणा. सभ्यपणानं मागून बघितलं होतं, तेव्हा कविता मिळाली होती.

मस्कतचा एकजण फार शहाणा निघाला. त्यानं सगळ्यांसमोर लिहिलं की तुम्ही लोकांनी आधी तुमच्या मशिदीमागची गल्ली साफ ठेवावी. तुम्ही लोक, म्हणे. त्याची आई आम्हाला लहानपणी मांडीवर घेऊन भाकरी भरवायची. पाण्याच्या दिवशी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हातारी नळावर होती. दोन बादल्या ओतून तिसरी भरत होती. मावशी, फोटो काढू का, असं विचारलं तर बिचारी खूश झाली, पदर नीट केला, बादली पुढं घेतली. मोबाइलवर काढलेला तो फोटो मी त्याच्या पानावर लावला. ओतलेलं काळं पाणी तिच्या पायांशी स्पष्ट दिसत होतं. त्या पठ्ठ्यानं सगळ्यांत जास्त पैसे पाठवले आणि माझ्याशी जन्मात परत बोलला नाही. बरं झालं.

मधे एकदा त्या जास्वंदवालीनं विचारलं, पोटुशी असलेल्या बाईला याचा जास्त धोका असतो, हे खरं का. मी लिहिलं, माझी बहीण आठव्या महिन्यात गेली, आणखी काय सांगू. तिचं उत्तर आलं नाही.

पैसे जमले. पाइप ट्रॅक्टरमधून गावात उतरले तेव्हा आप्पांना कळलं की पोरगी गंमत करत नव्हती. तोवर त्यांनी, ठराव लागतो, मंजुरी लागते, असं म्हणत सगळं अडवून धरलं होतं. पण पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आली होती आणि त्यांना उभं राहायचं होतं. आचारसंहिता लागायच्या आत काहीतरी कापायला फीत हवी होती. ते आमच्या घरी आले, अब्बांना शाल घातली आणि म्हणाले, खळ्यातून न्या लाइन, आपलंच गाव हाय. फक्त कार्यक्रम त्यांच्या हातून होईल. अब्बा माझ्याकडं बघायला लागले. मी हो म्हटलं. बाईंना कळल्यावर त्या माझ्यावर तडकल्या, अगं, त्या माणसाच्या हातून? मी म्हटलं, बाई, त्याच्याच हातून.

कारण तोवर मला सुचलं होतं. आमच्या भागात पाण्याच्या कामाचं उद्घाटन असलं की जो नारळ फोडतो तोच पहिलं पाणी पितो. हापसा असो, बोअर असो, टाकी असो. त्यानं घोट घेतल्याशिवाय बायका भांडी लावत नाहीत. आप्पांनी आजवर अशी किती पाणी प्यायली होती, ओंजळीनं, तांब्यानं, कॅमेऱ्याकडं बघत. इथंही त्यांना प्यावंच लागणार होतं.

चर खणले, पाइप पुरले, वर माती ओढली. राहिला तो टाकीपाशी जोडायचा मोठा व्हॉल्व्ह. तो पुण्याहून यायचा होता, आठवडा तरी लागणार होता. आचारसंहिता तर दारात. आप्पा म्हणाले, उरकून घेऊ. रविवार ठरला. आदल्या दिवशी मी मांडव बघायला गेले तर स्टेजजवळचा नवा कोरा नळ प्लंबर जुन्या लाइनीला जोडत होता, त्याच गटारातल्या लाइनीला. मी विचारलं तर तो खाली बघत म्हणाला, ताई, आप्पांनी सांगितलंय, एक दिवसापुरतं. म्हणजे प्लंबरला माहीत होतं, आप्पांना माहीत होतं आणि आता मला माहीत होतं. मी घरी आले आणि कपाटातला काचेचा मोठा ग्लास धुऊन पुसून ठेवला. त्या दिवशी जेवण मला गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

सकाळी निघताना अम्मीनं मला स्वयंपाकघरात अडवलं. आम्ही घरात आमचं दख्खनी बोलतो, पण तिनं जे सांगितलं ते मी मराठीतच लिहीन, आणि शेवटी लिहीन.

मांडवावर फ्लेक्स होता, घराच्या दारापेक्षा मोठा. त्यावर आप्पा हात जोडून. आप्पांच्या अथक प्रयत्नांतून शुद्ध पाणी. बहिणीचा तर उल्लेख नव्हताच, पैसे देणाऱ्यांचाही नव्हता. पुण्याहून ग्रुपमधली पोरं गाड्या घेऊन आली होती, सगळ्यांच्या हातात कॅमेरे. बायका पुढं बसल्या होत्या, हंडे-कळशा मांडून. त्यांत पहिल्या रांगेत खुर्चीवर आप्पांची लेक. बारामतीकडं दिलेली, पोटुशी होती, पोट दिसायला लागलं होतं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची म्हणून तिची खोली आप्पांनी नव्यानं रंगवून घेतली होती, हे गावभर झालं होतं. माझ्या बहिणीच्या वर्गातली ती. दोघी एका बाकावर बसायच्या.

भाषणं झाली. आप्पांनी नारळ फोडला, नळ सोडला. नळाखाली तांब्या ठेवला होता तो भरून वाहिला. वास आलाच. पुढच्या बायकांनी पदर नाकाला लावले, पण टाळ्या वाजवल्या. मी नळापाशी वाकले, उठले, भरलेला ग्लास ताटात ठेवून आप्पांपुढं धरला आणि सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरांचा माइक दुसऱ्या हातानं जवळ ओढून म्हटलं, "आप्पा, पहिलं पाणी तुमचं."

आप्पांनी ग्लासाकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्यांच्या मिशीवर घाम आला होता. पण पुढारी माणूस, सावरले. माइककडं तोंड करून म्हणाले की पाण्याचा त्रास आजवर आया-बहिणींनी काढला, तर आज पहिला मान त्यांचा. टाळ्या पडल्या. इतके महिने जमवून आणलेलं त्या एका वाक्यानं हातातून गेलं, असं मला वाटलं.

आणि पहिल्या रांगेतून आप्पांची लेक उठली. हळूहळू पायऱ्या चढून वर आली, ताटातला ग्लास उचलला आणि ओठांपाशी नेऊन थांबली. ती माझ्याकडं बघतच नव्हती. बापाकडं बघत होती.

"पिऊ का, आप्पा?"

माइक माझ्या हातात होता. सगळ्या गावानं ऐकलं. आप्पा हसले, अगं, तू बस खाली, असं काहीतरी म्हणाले. ती हलली नाही. तिनं शांतपणे विचारलं, "पाण्यात काय न्हाई म्हणता ना तुम्ही? मग पिऊ का?"

तिनं ग्लास तिरका केला आणि आप्पा पुढं धावले. हात आडवा घातला. "नको. नको पिऊ, बाय. हे पाणी प्यायचं न्हाई."

मग बायकांतून मस्कतवाल्याची आई उठून उभी राहिली, तीच पदर नीट करून फोटो काढून घेणारी. तिला ओरडायची सवय नव्हती, साध्या आवाजातच बोलली. "मंग आमी काय पितो, आप्पा?"

मी लेकीच्या हातातून ग्लास घेतला. तिची बोटं गार पडली होती. माइकवर मी एवढंच बोलले की माझ्या बहिणीला कोणी नको पिऊ म्हणालं नव्हतं. मग तो ग्लास मी सगळ्यांच्या देखत तळापर्यंत प्याले. खाली अब्बा मटकन खुर्चीत बसले. बायकांनी हंडे पालथे केले, एकीनं स्टेजपाशी ओतला, तिचं बघून दुसरीनं. आप्पांच्या पांढऱ्या बुटांत पाणी गेलं. मी ते डोळे भरून पाहिलं.

संध्याकाळपर्यंत फोटो साइटवर आले. लेकीच्या हातात ग्लास आणि आप्पांचा आडवा हात. पोरांनी खाली काय काय लिहिलं. मी फक्त त्यांचं वाक्य लिहिलं, नको पिऊ, बाय, हे पाणी प्यायचं न्हाई. त्याखाली जास्वंदीच्या फुलानं लिहिलं, मी होते ती. म्हणजे पहिले पैसे आप्पांच्या लेकीचे होते. ते वाचून मी कॅफेत एकटीच रडले. बहीण गेल्यावर तोवर रडले नव्हते.

लेक त्याच दिवशी सासरी निघून गेली. घरातलं पाणीसुद्धा न पिता गेली, असं त्यांच्या कामवाल्या बाईनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी स्वतःची जीप पुण्याला पाठवली आणि जो व्हॉल्व्ह आठवडाभर येणार नव्हता तो संध्याकाळी गावात. रात्रंदिवस माणसं लावून लाइन जोडली, टाकी धुतली, क्लोरीनचं यंत्र बसलं. का, तर लेकीनं बाळंतपणाला यावं म्हणून. माझी बहीण गेली, गाव पिवळं पडलं, तेव्हा हलला नाही तो माणूस स्वतःच्या लेकीसाठी दोन दिवसांत हलला. मला समाधान वाटायला हवं होतं. माझा राग दुप्पट झाला.

लेक आली नाही. तिचं पहिलं बाळंतपण सासरी झालं. आमच्याकडं एवढी नाचक्की दुसरी नाही. आप्पांची बायको नळावर बायकांपुढं डोळे पुसायची आणि मी माहेरी गेले की मुद्दाम त्या वेळेला कळशी घेऊन जायची. निवडणुकीत आप्पा पडले असतील, असं तुम्हाला वाटत असेल. पडले नाहीत. काठावर आले, पण आले. गुलाल उधळत मिरवणूक आमच्या गल्लीतूनच गेली. अब्बांनी दार लावून घेतलं. पण त्यानंतर गावात कावीळ आली नाही. तिसऱ्या बादलीची पद्धत मात्र बायकांची अजून मोडलेली नाही, अम्मीचीही नाही.

आता अम्मीचं. त्या सकाळी तिनं मला अडवलं तेव्हा तिच्या हातात एक बाटली होती. मी काय करणार आहे हे तिला न सांगता कळलं होतं. ती म्हणाली, "त्याला पाजायचंच तर हे पाज. कुणाच्या पोटात घाण घालायला माझी लेक जायची न्हाई." मी भांडले. मला आप्पांना गटारच पाजायचं होतं, माझ्या बहिणीनं प्यायलं तेच, तसंच. अम्मी दारातून हटेना. शेवटी मी बाटली घेतली. स्टेजवर नळापाशी वाकले तेव्हा तांब्या नळाखाली होता, आणि ग्लास मी ओढणीआड या बाटलीतून भरला. हे आजवर अम्मी आणि मी सोडून कोणाला माहीत नाही.

आप्पा, तुम्ही थकलात, दिसत नाही म्हणतात, पण हे तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवेलच. त्या ग्लासात आमच्या घरचं पाणी होतं. अम्मीनं उकळून, गाळून, माठात गार केलेलं. तुम्ही डोळे मिटून प्याला असता तर तुम्हाला काही झालं नसतं. गावानं टाळ्या वाजवल्या असत्या, तुमचा रिपोर्ट खरा ठरला असता, लेक घरी राहिली असती आणि मी जन्मात तोंड वर केलं नसतं. एक घोट घेतला असता तरी तुम्ही जिंकला असता. पण त्या नळाच्या पाण्यात काय आहे, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं.